मदत हवी आहे: आईबाबांना ग्लेनवूडच्या गरम पाण्याच्या तलावावर न्यायचंय (कोलोरॅडो)

माळरान:
नमस्कार मंडळी. आई ६८, बाबा ७३. पुण्याहून डेन्व्हरला येताहेत. ऑक्टोबरअखेरीस ग्लेनवूड हॉट स्प्रिंग्जला न्यायचा विचार आहे. वज्रेश्वरीची कुंडं दोघांना माहीत आहेत, पण एवढा मोठा उघडा तलाव नाही. बाबांना बीपीची गोळी आणि इन्सुलिन चालू आहे, आईला पोहता येत नाही. पाणी झेपेल का? आईने घालायचं काय? आणि गाडीने जावं की रेल्वेने?

पाणवठा:
झेपेल, पण कुठल्या तलावात उतरायचं ते आधी ठरवा. यम्पा झऱ्याचं पाणी ५० अंश सेल्सिअसला वर येतं, रोज सुमारे ३५ लाख गॅलन. ते निववूनच तलावात सोडतात. लहान तलाव ४० अंशांच्या आसपास असतो, मोठा ३२ ते ३४. लोक आल्याआल्या लहान तलावाकडे धावतात आणि चुकतं ते तिथेच. तुमच्या आईबाबांसाठी मोठाच तलाव. तो १२३ मीटर लांब आहे. आईंना पोहता येत नसेल तर उथळ बाजूलाच, कठड्याला हात लागेल असं थांबायचं.
हा तलाव ४ जुलै १८८८ला खुला झाला. खाण अभियंता वॉल्टर डेव्हरो यांनी ॲस्पेनच्या चांदीच्या खाणींतल्या पैशातून कोलोरॅडो नदीचा प्रवाह बाजूला वळवून तो बांधला. बाबांना इतिहासाची आवड असेल तर १८९०ची लाल वालुकाश्माची स्नानगृहाची इमारत नक्की दाखवा, ती तलावाला लागूनच आहे.

नाडी:
बीपी आणि इन्सुलिनचं नीट सांगते.
गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बीपी उतरतं. त्यावर गोळीचा परिणाम, त्यामुळे माणूस पाण्यातून झटकन उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पायरीवर बसायचं, दोन मिनिटं थांबायचं, कठडा धरून मगच उभं राहायचं. ४० अंशांच्या तलावात त्यांना जायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि तेही पाच-सात मिनिटंच, पाणी छातीच्या खाली ठेवून.
इन्सुलिन घेतलेली जागा गरम झाली की ते रक्तात लवकर उतरतं आणि साखर अचानक पडते. तेव्हा इन्सुलिन घेऊन लगेच पाण्यात नको. आधी खाऊन घ्यायचं, उतरण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर साखर तपासायची. बोट धुऊन कोरडं करूनच टोचा, ओल्या बोटाने आकडा चुकतो. ग्लुकोजच्या गोळ्या कठड्यावर, हाताशी. इन्सुलिनचं पेन गाडीत ठेवू नका. रात्री तिथे गोठणबिंदूच्या खाली जाऊ शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. पायांना बधिरपणा असेल तर पाणी किती गरम आहे ते त्यांना कळणार नाही. आधी तुम्ही हात घालून बघा, नंतर बोटांच्या बेचक्या तपासा.
शहर १७५० मीटर उंचीवर आहे. पुण्याहून आल्यावर निदान तीन-चार दिवस डेन्व्हरलाच राहू द्या, आणि त्या दिवशी पाणी भरपूर प्यायला लावा.

केवडा:
आईंसाठी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टॉप आणि लेगिंग घ्या, कापड नायलॉन-स्पॅन्डेक्सचं. पंजाबी ड्रेस किंवा सुती कपडे नकोत. ते पाणी पिऊन जड होतात, पायात अडकतात.
डोक्याला तेल असेल तर आदल्या रात्रीच धुऊन काढा. टिकली कपाटातच ठेवा, गरम पाण्यात तिचा गोंद सुटतो.
आता दागिने. हे पाणी गंधकाचं आहे, चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण, चांदीची अंगठी सगळं काढायचं. २२ कॅरट सोन्यातही तांबं-चांदी असते, त्यामुळे मंगळसूत्राच्या वाट्यांवर करडी झाक येऊ शकते. आईंना मंगळसूत्र काढायचं नसेल तर त्या दिवसापुरतं दोऱ्यात ओवलेल्या काळ्या पोतीचं घालू द्या. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये, एवढं बघा.

घाटवाट:
गाडीने सुमारे २५५ किलोमीटर, तीन तास. शुक्रवारी दुपारी पश्चिमेकडे आणि रविवारी दुपारी परत येताना आय-७० महामार्ग तुंबतो, म्हणून मंगळवार-बुधवार बरा. आयझनहॉवर बोगदा ३४०० मीटरवर आहे, त्या उंचीवर थांबे घेत बसू नका. १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात याच महामार्गाच्या मॉरिसन ते डॉटसेरो टप्प्यात बर्फात चालतील असे टायर किंवा साखळ्या लागतात. भाड्याची गाडी असेल तर टायर बघूनच ताब्यात घ्या. निघण्याआधी ग्लेनवूड घळीचा रस्ता उघडा आहे का तेही बघा. दरड आली की वळसा उत्तरेकडून स्टीमबोट स्प्रिंग्जमार्गे पडतो आणि काही तास वाढतात.
रेल्वे हवी असेल तर ॲमट्रॅकची कॅलिफोर्निया झेफर, दिवसाला एकच गाडी. साधारण सहा तास लागतात, दुपारी पोचते. स्टेशनवरून पादचारी पुलाने नदी ओलांडली की तलाव. पण त्याच दिवशी परतता येत नाही, मुक्काम धरूनच चाला.

माळरान:
रेल्वे आणि एक मुक्काम, ठरलं. केवडाताई, चुकून चांदी भिजलीच तर?

केवडा:
भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल पसरा, चकचकीत बाजू वर. त्यावर जोडवी ठेवा, चमचाभर खायचा सोडा, वरून उकळतं पाणी. पाच मिनिटांत काळेपणा उतरतो. खडे बसवलेला किंवा मुद्दाम काळवलेला दागिना मात्र यात घालू नका.