थॅच्ड कॉटेजला मराठीत काय म्हणायचं?

इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्डजवळच्या शॉटरी गावात शेक्सपियरच्या बायकोचं, अ‍ॅन हॅथवेचं माहेर आहे ना, त्यावर मुलांसाठी लिहितेय. 'गवताची झोपडी' लिहिलं आणि माझं मलाच खटकलं, बारा खोल्यांचं घर, त्यातला सगळ्यात जुना भाग 1463 चा, त्याला झोपडी कसं म्हणू? शब्द सुचवा प्लीज.

– झोपडी नकोच ताई. कॉटेज हे नावसुद्धा त्याला नंतर चिकटलंय, अ‍ॅनच्या काळात ते ह्यूलँड्स फार्म, मेंढ्या पाळणाऱ्या खात्यापित्या शेतकऱ्याचं घर. आणि थॅचिंगला, म्हणजे गवताकाडाने छप्पर घालण्याला, आपलं अस्सल क्रियापद आहे की, शाकारणे! पावसाळ्याच्या तोंडावर आजी 'घर शाकारून झालं का रे' असं विचारायची.

– शाकारणे बरोबर, पण आमच्याकडे कौलं परतली तरी शाकारलं म्हणतात, त्यामुळे कशाने ते लिहाच. पेंढा म्हटलं की भात डोळ्यांसमोर येतो, तिकडे गव्हाचं काड वापरतात. भिंतींना मात्र 'मातीच्या भिंती' लिहू नका, ओकच्या चौकटीत हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्या विणून वर माती, शेण, काड कालवून लिंपतात, म्हणजे आपला कारवीचा कुडच झाला तो. जुन्या भागात ओकचं वाकडं खोड उभं चिरून दोन्ही अर्धी वर एकमेकांना टेकवलीयत, आपल्या सुतारांची छपराखालची कैची असते तसं पण थेट जमिनीपासून, म्हणून छपराचा भार कुडावर येतच नाही, कुड नुसता आडोसा. याला इंग्रजीत क्रक म्हणतात, तो शब्द तसाच ठेवा.

– वळचण पण वापरा! अशा छपरांना सहसा पन्हळ नसते, काडाचा जाड थर भिंतीच्या बराच पुढे काढलेला असतो म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात, कुड भिजला तर संपलंच.

– व्युत्पत्ती राहिली की. थॅच, टाइल आणि आपलं स्थगित, तिघांचं मूळ एकच, अर्थ झाकणे. संस्कृतात स्थगित म्हणजे आधी झाकलेलं, थांबवलेलं हा अर्थ नंतरचा. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झालेला!

– सगळ्यांचे खूप आभार. 'गव्हाच्या काडाने शाकारलेलं, कुडाच्या भिंतींचं शेतकऱ्याचं घर' असं करतेय. 1969 मध्ये आग लागून बरंच नुकसान झालं आणि मग ते दुरुस्त केलं, तिथे 'पुन्हा शाकारलं' चालेल ना?

– चालेल काय, तोच शब्द तिथला.