यादीतून नाव गेलं म्हणजे जमीन साफ झाली का? (लव्ह कॅनॉल आणि देवनार)

निथळ

मुंबईच्या देवनार कचराभूमीच्या धाग्यावर काल एकांनी लिहिलं: "अमेरिकेत लव्ह कॅनॉलसारखी जागासुद्धा साफ करून २००४ मध्ये घातक कचऱ्याच्या यादीतून काढली. आता तिथे लोक राहतात. मग आपल्याकडेच एवढी रड का?" या उदाहरणावरून उद्या इथे कोणी मागण्या करेल, निविदा काढेल. म्हणून तिथे चार ओळी न लिहिता वेगळा धागा काढतोय.

नाव यादीतून गेलं, हे खरं. ३० सप्टेंबर २००४. "साफ करून" हे खोटं. हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात नायगरा फॉल्स शहरातल्या त्या अर्धवट खणलेल्या कालव्यात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला. क्लोरोबेन्झिन, लिंडेन, ट्रायक्लोरोफिनॉल आणि त्यासोबत आलेलं डायॉक्सिन. तो मूळ साठा उपसून कुठेही नेलेला नाही. तो आजही जागच्या जागी आहे.

झालं ते एवढंच, की त्याला कोंडलं. वर सुमारे ४० एकरांचं आच्छादन: आधी चिकणमाती, मग १९८४ मध्ये ४० मिलचा (साधारण एक मिलीमीटर जाड) एचडीपीईचा (जाड प्लास्टिकचा) पडदा, त्यावर माती आणि गवत. भोवती निचऱ्याचा चर, चरातून पंपाने लीचेट (कचऱ्यातून झिरपलेलं दूषित पाणी) उचलून प्रक्रिया केंद्रात. सगळ्याला मिळून ७० एकरांचं कुंपण. कोंडलेल्या जागेबाहेर जे गेलं होतं ते मात्र खरोखर काढलं: ६२,००० फूट गटारवाहिन्या धुतल्या, नंतर आणखी ६,००० फूट, आणि ब्लॅक व बर्गहोल्ट्झ या दोन ओढ्यांतून सुमारे १४,००० घनयार्ड गाळ उपसला.

म्हणजे ओढे साफ झाले आणि कालवा कोंडला गेला. या दोन गोष्टींना एकच शब्द वापरू नका. कोंडलेली जागा पंप चालू आहे तोवरच सुरक्षित.

सर्व्हे नंबर ४२

तळमळ पटते, पण यादी कशासाठी असते हेच तुम्ही बाजूला ठेवलंत. ती राष्ट्रीय प्राधान्य यादी आहे, प्रदूषित जमिनींची नोंदवही नव्हे. धोक्याच्या मोजणीत २८.५ किंवा जास्त गुण आले की जागा यादीत जाऊ शकते, आणि यादीत गेली की सुपरफंडातून (दूषित जागांसाठीचा अमेरिकेचा केंद्रीय निधी) कायमस्वरूपी उपाययोजनेवर खर्च करता येतो. लव्ह कॅनॉल सप्टेंबर १९८३ मध्ये आत आलं. १९९९ मध्ये उपाययोजनेच्या बांधकामाची सगळी कामं संपली. त्यानंतर यादीत ठेवून मिळणार काय होतं?

आणि वगळणं हे काही कोणाच्या सहीने एका दुपारी होत नाही. कामं संपल्याचा अंतिम अहवाल, राज्याची लेखी संमती, वगळण्याच्या इराद्याची सूचना फेडरल रजिस्टरमध्ये (केंद्र सरकारच्या राजपत्रात) आणि स्थानिक वर्तमानपत्रात, ३० दिवस हरकती, प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर, मग अंतिम सूचना. इथे इराद्याची सूचना मार्च २००४ मध्ये आली आणि वगळणी सप्टेंबरअखेर झाली. पुढे गळती दिसली तर नव्याने गुण न मोजता जागा परत यादीत घालता येते. दर पाच वर्षांचा आढावा तर वगळल्यावरही चालूच राहतो, कारण कचरा जागेवर ठेवला आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर फेरफार झाला, सातबाऱ्यावरचा बोजा उतरलेला नाही.

निथळ

बोजा उतरलेला नाही हे तुम्हाला कळतं, मला कळतं. घर घेणाऱ्याला कोण सांगतं? तिथे ब्लॅक क्रीक व्हिलेज असं नवं नाव देऊन २६० च्या वर रिकामी घरं दुरुस्त करून विकली. वगळण्याची बातमी वर्तमानपत्रात कशी येते? "लव्ह कॅनॉल स्वच्छ." मूळ नियमात शब्द आहेत "आणखी उपाययोजना आवश्यक नाही" या अर्थाचे. स्वच्छ हा शब्द त्यात नाही.

सर्व्हे नंबर ४२

घरं विकली ती कुठे, तेही सांगा ना. आणीबाणी क्षेत्राचे (कालव्याभोवतीचा, आणीबाणी जाहीर झालेला परिसर) सात भाग पाडले होते. १९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी ४ ते ७ हे भाग राहण्यायोग्य ठरवले. १ ते ३ मध्ये माती सुधारल्याशिवाय घर नाही, फक्त व्यापारी किंवा औद्योगिक वापर. कुंपणाच्या आत तर कोणीच राहत नाही. "कालव्यावर लोक राहतात" असं म्हणणारे जितके चूक, तितकेच "लोकांना विषावर बसवलं" म्हणणारेही चूक.

चर आणि पंप

दोघेही कागदावरच बोलताय. कोंडलेल्या जागेचं खरं काम जमिनीखाली चालतं, ते आधी समजून घ्या.

तिथे वर भराव आणि रेताड गाळमाती, खाली भेगाळलेली कोरडी चिकणमाती, त्याखाली मऊ चिकणमाती, मग हिमनदीचा गाळ आणि तळाला लॉकपोर्टचा डोलोमाइट खडक. कालवा चिकणमातीत खणलेला, म्हणजे खाली झिरपणं अवघड. वरचं झाकण फुटल्यावर पावसाचं आणि बर्फाचं पाणी आत भरत गेलं आणि टब भरून काठावरून सांडावा तसं वरच्या रेताड थरातून आडवं तळघरांत गेलं. १९७६-७७ च्या हिवाळ्यात बर्फ प्रचंड पडला, आणि त्यानंतर तळघरांतलं काळं पाणी वाढलं.

म्हणून उपाय दोनच. वरून पाणी आत येऊ न देणं (पडदा) आणि काठाशी पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा खाली ठेवणं (चर). चरात खडी आणि छिद्रांचे पाइप, पाइपचा उतार पंपाच्या विहिरीकडे. चराच्या आतल्या आणि बाहेरच्या नळीविहिरींतली पातळी मोजायची. बाहेर जास्त, आत कमी असेल तर पाणी आत वाहतंय, ठीक आहे. हे उलटं झालं की गळती सुरू, मग आच्छादन कितीही हिरवं दिसो.

बिघडतं काय? चरात बारीक गाळ आणि लोहजिवाणूंचा चिकट थर बसतो, पाइपची छिद्रं बुजतात. पंप चालू दिसतो, पण चराच्या लांबच्या टोकाला पातळी चढलेली असते. म्हणून पातळी पंपाजवळ नाही, दोन पंपांच्या मधोमध मोजायची. दुसरं, पाण्याहून जड तेलकट रसायन विहिरीच्या तळाशी बसतं. पंपाची तोंडी वर असेल तर ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. ते वेगळं उपसून जाळायला पाठवावं लागतं.

आणि पातळी आधी बघा, रसायनं नंतर. चिकणमातीतून रसायन पुढच्या विहिरीपर्यंत पोचायला वर्षं लागतात. पातळी उलटली की चार दिवसांत कळतं. नुसत्या "रसायनं आढळली नाहीत" या ओळीवर मी कुठलाही आढावा मान्य करणार नाही.

निथळ

अगदी. आणि लीचेटची प्रक्रियाही लिहा.

चर आणि पंप

आधी टाकीत स्थिरावून तेल आणि गाळ वेगळा, मग गाळणी, मग ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या (रसायनं धरून ठेवणारा कोळसा) दोन टाक्या एकीमागे एक. नमुना दोन्ही टाक्यांच्या मधून घ्यायचा. पहिली टाकी संपल्याचं तिथे कळतं, दुसरी अजून धरून असते. मग पहिलीचा कार्बन बदलायचा आणि दुसरीला पहिली करायची. शेवटच्या नळावरच नमुना घेणाऱ्याला कळेपर्यंत विष शहराच्या गटारात गेलेलं असतं. क्लोरोबेन्झिन कार्बनला घट्ट धरतं, पण व्हिनाइल क्लोराइडसारखी हलकी रसायनं लवकर निसटतात. म्हणून कार्बन बदलण्याची तारीख त्यांच्यावरून ठरवायची.

कलम तेरावं

हे सगळं होण्याची वेळ कोणी आणली? कंपनीला शिव्या देणं सोपं आहे. १९५३ मध्ये हूकरने ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खरेदीखतातच लिहिलं होतं, की जागेत रासायनिक उत्पादनाचा कचरा पुरला आहे, धोका घेणाऱ्याचा, नंतर दावा चालणार नाही. तरी मंडळाने तिथे शाळा बांधली. वास्तुविशारदाला खणताना रसायनांचे खड्डे लागले, तर इमारत थोडी सरकवली आणि काम चालू ठेवलं. नंतर मंडळाने उरलेली जमीन विकायला काढली, तेव्हा कंपनीच्या वकिलाने सभेत येऊन विरोध केला. पुढे शहराने गटारं खणली, राज्याने १९६८ मध्ये महामार्ग काढला. चिकणमातीचं झाकण फोडलं ते सरकारने.

निथळ

एका डॉलरची ही गोष्ट नेहमी इथेच का थांबते? खरेदीखतात "कचरा पुरला आहे" एवढंच आहे. कोणता, किती, काय केल्यास काय होईल, तळघर खणू नका, झाकण फोडू नका, यातलं काही नाही. ज्याला रसायनशास्त्र येतं त्याने ज्याला येत नाही त्याला एक परिच्छेद लिहून दिला आणि हात झटकले. १९९४ मध्ये न्यायाधीश जॉन कर्टिन यांनी कंपनीला निष्काळजी ठरवलं, ते वाचलं आहे का?

कलम तेरावं

वाचलं आहे. त्याच निकालात दंडात्मक भरपाई नाकारली, ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. त्या काळात चिकणमातीत पुरणं ही सर्रास पद्धत होती.

निथळ

नाकारली म्हणजे निर्दोष ठरवलं का? त्यानंतर ऑक्सिडेंटलने (हूकर विकत घेणारी कंपनी) राज्याला ९.८ कोटी डॉलर आणि १९९५ मध्ये केंद्र सरकारला १२.९ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. धर्मादाय म्हणून नव्हे.

कलम तेरावं

आवाज चढवू नका. मी कंपनीला निर्दोष म्हटलेलं नाही. तुम्ही शाळा मंडळाचं नावही घेत नाही, एवढंच म्हटलं.

सर्व्हे नंबर ४२

दोघांनी जरा थांबा. पण हा मुद्दा वगळणीशी जोडलेला आहे, हे तुम्हा दोघांच्या लक्षात आलेलं नाही. १९५३ चं ते खत म्हणजे कागदावरचं बंधनच होतं, आणि चार वर्षांत मंडळालाच ते अडचण वाटू लागलं. आज वगळलेल्या जागेची सुरक्षितता पुन्हा कागदावरच्या बंधनांवर उभी आहे: खणू नका, भूजल वापरू नका, या भागात घर नको. फरक एवढाच, की आता पाच वर्षांनी कोणीतरी जाऊन बघतं.

निथळ

मग माझंच म्हणणं मांडलंत की.

सर्व्हे नंबर ४२

अर्धं. वगळू नये हे अजूनही पटत नाही.

घामाचा पैसा

मुळात पैसा कोणाचा, ते कोणीच बोलत नाही. रसायन आणि तेल कंपन्यांवरचा सुपरफंडाचा कर १९९५ च्या अखेरीस संपला आणि अमेरिकेच्या संसदेने तो वाढवला नाही. काही वर्षांत निधीची शिल्लक आटली, पुढे करदात्याच्या खिशातून. रसायनांवरचा कर २०२२ मध्ये परत आला, तेलावरचा २०२३ मध्ये. मधली सव्वीस-सत्तावीस वर्षं ज्या जागांचा मालक सापडत नव्हता त्या रखडल्या. प्रदूषण करणाऱ्याने पैसे भरायचे, हे तत्त्व यादीपेक्षा महत्त्वाचं आहे.

चर आणि पंप

मुद्दा बरोबर, जागा चुकली. लव्ह कॅनॉलचा चर आणि पंप ऑक्सिडेंटलच्याच पैशावर चालतात. तिथे मालक सापडलेला आहे. प्रश्न पुढच्या पन्नास वर्षांचा आहे. कंपनी विकली गेली, बुडाली, तर पंपाचं वीजबिल कोण भरणार?

निथळ

आणि २०११ चं काय? जानेवारीत कॉल्विन बुलेव्हार्डवर सांडपाण्याची वाहिनी दुरुस्त करताना कामगारांना रसायनं लागली. वगळल्यानंतर सव्वासहा वर्षांनी. पुढे रहिवाशांनी दावे लावले.

चर आणि पंप

त्यावर अधिकाऱ्यांचं म्हणणं, की ते जुन्या वाहिनीत अडकून राहिलेलं रसायन होतं, आच्छादनातून ताजं गळलेलं नव्हे. हे शक्य आहे. खापराच्या जुन्या पाइपभोवती खडीचा थर असतो. पाइप आतून धुतला तरी त्या खडीत तेलकट रसायन बसून राहतं. ६८,००० फूट धुतले म्हणजे पाइपची आतली बाजू धुतली. मी असतो तर प्रत्येक जोडाजवळ बाहेरच्या खडीचा नमुना मागितला असता. तो वगळणीच्या आधी घ्यायला हवा, हे मला मान्य करावं लागेल.

सर्व्हे नंबर ४२

हे एक मी सोडून देतो. वगळणीच्या अटींत बाहेरच्या खडीची तपासणी नसेल तर ती त्रुटी आहे. पण मग अट सुधारा, वगळणं बंद करू नका. जागा कायम यादीत राहणार असेल तर काम पूर्ण करण्याची घाई कोणाला वाटेल?

ट्रॉमेल

देवनारवर या आता, सुरुवात तिथून झाली होती. ही तुलनाच चूक आहे. १९२७ पासून तिथे शहराचा मिश्र कचरा पडतो आहे, एका कारखान्याची पिंपं नव्हेत. तिथे कोंडणं नाही, बायोमायनिंग: ढीग मोडून लांब ओळी घालायच्या, जिवाणूंचं द्रावण फवारायचं, ठरावीक दिवसांनी उलथायचं, सुकलं की चाळायचं. प्लास्टिक-कापड सिमेंटच्या भट्टीला, दगडविटा भरावाला, बारीक माती वेगळी.

अडतं ते बारीक मातीवर. पावसाळ्यात ती चाळणीला चिकटते, काम थांबतं, म्हणून ठेकेदार ओलीच चाळतो आणि प्लास्टिकात माती, मातीत प्लास्टिक जातं. दुसरं, तीच माती "खत" किंवा "भराव" म्हणून दुसरीकडे नेतात. शिसं, कॅडमियम, क्रोमियम न तपासता नेली तर देवनार रिकामं होईल आणि चार नवी देवनारं तयार होतील. प्रत्येक ओळीचा वेगळा नमुना हवा. दहा ओळी मिसळून एक नमुना काढला तर एका विषारी ओळीची मात्रा बाकीच्या नऊ ओळींत बुडून जाते.

निथळ

म्हणजे तिथे कचरा खरंच निघून जाईल?

ट्रॉमेल

ढीग जाईल. ढिगाखालच्या मातीत आणि खाडीकडे झिरपलेलं जे आहे ते चाळणीतून जात नाही. ढीग हलला की खालच्या जमिनीत जाळी आखून बोअर घ्यायचे, आणि ते ठेक्यात आधीच लिहिलेलं हवं. नंतर कोणी पैसे देत नाही.

कलम तेरावं

केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांचे नियम काढले आहेत. त्यात जागा ओळखण्यापासून पुढची पायरी आहे. बघू कितपत उतरतं.

सर्व्हे नंबर ४२

निथळ, "साफ" शब्दाबद्दल तुमचं मान्य. पहिल्या पोस्टमधलं "पंप चालू आहे तोवरच" हे वाक्य मात्र अपुरं आहे. तिथे लिहा: पंप चालू आहे, मधली पातळी मोजली जाते आहे, आणि खरेदीखतातली बंधनं कोणीतरी वाचतं आहे तोवर.

निथळ

बदलतो. "आणि वीजबिल भरणारा शिल्लक आहे" हेही जोडतो.