नागपूरच्या मानेवाड्यात 30 बाय 50 फुटांचा प्लॉट, बाजूला किती जागा सोडायची?

मानेवाडावाला: आरएल, म्हणजे नियमित झाल्याचं पत्र मिळालेला प्लॉट आहे, समोर लेआउटचा रस्ता. ठेकेदार म्हणतो, "150 चौरस मीटरच्या आत परवानगी लागतच नाही, शेजाऱ्यानं भिंतीला भिंत लावली, तुम्हीही लावा. एक खोली वाढते." काय करावं? चांगला आर्किटेक्ट कसा ओळखायचा तेही सांगा.

जुना_सुपरवायझर: भाऊ, तुमचा प्लॉट 139 चौरस मीटरच्या आसपास येतो. डिसेंबर 2020 पासूनच्या राज्याच्या एकत्रित नियमावलीत 150 पर्यंतच्या प्लॉटला मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, हे खरं. पण नकाशा दाखल करून शुल्क भरावंच लागते, अन् सूट फक्त वाट पाहण्यापुरती. मार्जिनमधून, म्हणजे हद्दीपासून सोडायच्या मोकळ्या जागेतून, सूट कोणी दिली? शेजाऱ्यानं सोडलं नाही म्हणून तुमचं कमी होत नाही. ते तुमच्या हद्दीपासून मोजतात. आधी डिमार्केशन, म्हणजे हद्दीची मोजणी, करून घ्या, नाहीतर पायाच्या आखणीचा चुना पडतो एकीकडे अन् हद्द निघते दुसरीकडे.

महालवाली: आमच्याकडे महालात, जुन्या नागपुरात, दाट वस्ती, तिथले नियम वेगळे. महालातलं घर पाहून मानेवाड्यात बांधू नका.

मानेवाडावाला: मग छज्जा? जिना?

जुना_सुपरवायझर: छज्जा 75 सेंटिमीटरपर्यंत मार्जिनमधे चालतो, त्यावर खोली काढायची नाही. जिना नकाशात दाखवून घ्या, मागाहून लोखंडी ठोकू नका. नियमाबाहेर बांधलं की एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या, कलम 53 ची नोटीस मालकाच्या नावानं येते. ठेकेदार तोवर दुसऱ्या साइटवर.

कूलरप्रेमी: अन् बापा, एप्रिलमधे कूलर कुठं ठेवणार? भिंतीला भिंत लावली की त्या बाजूला खिडकीच नाही. 45 डिग्रीत ती वाढीव खोली म्हणजे भट्टी.

मानेवाडावाला: हे डोक्यातच नव्हतं. वर दोन मजले चढवले तर मार्जिन वाढते का?

जुना_सुपरवायझर: उंचीप्रमाणे वाढते, पण 15 मीटरच्या वर गेल्यावर. तुमचं त्याच्या आतच राहील. समोरच्या रस्त्याची रुंदी मात्र मंजूर लेआउट नकाशावरून तपासा, टेप लावून नाही. आर्किटेक्टचं म्हणाल तर त्याला विचारा, चारही बाजूंच्या मोकळ्या जागेचे आकडे नकाशावर लिहून सही करतो का. "ते पाहून घेऊ" म्हणाला तर दुसरा पाहा.