दांडिया बाजार परिवार ग्रुप: डीएनए करायचं का, आणि कोणाकोणाचं?

रोहन (न्यू जर्सी): सगळ्यांना नमस्कार. १८ डिसेंबरला बडोद्यात पोहोचतोय. येताना डीएनए तपासणीची सहा किट आणतो. नळीत लाळ द्यायची, झाकण घट्ट लावायचं, एवढंच काम. परत येताना मी नळ्या घेऊन येईन आणि इथून पाठवीन. आपण मूळचे कुठले हे एकदाचं कळू दे. बाळकाका, पहिली नळी तुमची.

बाळकाका: ये. पण माझीच पहिली का?

रोहन: कारण वरच्या पिढीतले तुम्ही आणि माईआत्याच उरलात. प्रत्येकाला निम्मं आईकडून आणि निम्मं वडिलांकडून येतं. आजोबांचं साधारण पाव, पणजोबांचं आठवा हिस्सा. तात्या तुमचे आजोबा, माझे पणजोबा. म्हणजे त्यांचं माझ्यात साडेबारा टक्के असेल तर तुमच्यात पंचवीसच्या आसपास.

सुनीलदादा: एकदम बराबर. आणि वडिलांकडून मुलाकडे जातं ते वाय गुणसूत्र जवळजवळ जसंच्या तसं उतरतं असं वाचलंय. काकांचं केलं की आपली पुरुषांची सरळ रेघ मिळेल. दामाजीराव गायकवाडांच्या फौजेबरोबर बडोद्यात आलो म्हणतात ते खरं की खोटं, होऊन जाऊ दे.

मेघावहिनी: माझ्या मैत्रिणीच्या भावाने केलं. दोन कंपन्यांकडून दोन वेगळे आकडे आले त्याला.

विद्याताई (पुणे): आईला विचारा. तिची पस्तीस वर्षं युनिव्हर्सिटीच्या बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये गेली. सकाळपासून टाइप करतेय ती, थांबा जरा.

माईआत्या: रोहन, तुझी हौस मला आवडली. आपल्या घरात इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. म्हणून मोठं लिहिते, सगळ्यांनी वाचा.

आधी मेघाच्या मैत्रिणीच्या भावाचं. ते टक्के म्हणजे पूर्वजांचे पत्ते नव्हेत. कंपनीकडे आज हयात असलेल्या लोकांचे नमुने असतात, त्यांचे प्रदेशवार गट केलेले असतात. तुमच्या डीएनएचे तुकडे कोणत्या गटाशी जास्त जुळतात त्याचा तो अंदाज. प्रत्येकीकडचे नमुने वेगळे, म्हणून उत्तर वेगळं. नमुने वाढले की जुनं उत्तरही बदलतं. सख्ख्या भावंडांचेही आकडे वेगळे येतात, कारण आईबापांकडून दोघांना मिळणारं निम्मं तेच निम्मं नसतं. सुनील आणि रोहन, तुमचं आलं तर भांडू नका.

दुसरं, दामाजीराव. १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांच्या हाती आलं ते कायमचं. तेव्हापासून साधारण दहा पिढ्या धरा. दहाव्या पिढीत १,०२४ पूर्वजांच्या जागा होतात. त्यातल्या पुष्कळांचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. ते आपले पूर्वज खरेच, पण लाळेत सापडायचे नाहीत. आणि कोण कोणाच्या फौजेबरोबर आलं, कोणत्या खात्यात कारकून लागलं, हे कुठल्याच गुणसूत्रावर लिहिलेलं नसतं. ते कागदावर असतं.

तिसरं, नातेवाईक जुळवण्याचं. कंपनी तुमचे तुकडे इतरांच्या तुकड्यांशी ताडून नातेवाईकही दाखवते. जगातल्या या कंपन्यांकडच्या नमुन्यांत भर युरोपी वंशाच्या लोकांची आहे, आपल्याकडचे फार थोडे. जे जुळतील त्यांचं नातंही आहे त्याहून जवळचं दिसेल. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या लोकांनी परदेशातल्या शास्त्रज्ञांबरोबर २०१३ मध्ये दाखवलं की भारतात साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी सगळीकडे मिसळण झाली आणि मग जातीतल्या जातीत लग्नं करायची रीत घट्ट झाली. त्यात आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं व्हायची. तेच तेच तुकडे फिरत राहिलेले. मशीन म्हणेल दुसऱ्या पिढीतला भाऊ, आणि असेल सहाव्या पिढीतला.

तरी एक गोष्ट त्या नळीतच आहे, कागदात नाही. आईकडून उतरणारं मायटोकाँड्रियाचं डीएनए. आई ते मुलांना सगळ्यांना देते, पुढे नेते ती मुलगीच. माझ्या आईची आई, तिची आई, तिची आई. या बायकांची नावं कुठे आहेत? लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं, वंशावळीत ‘पत्नी’ एवढंच. मी आयुष्यभर नळ्या हाताळल्या, पण माझ्या पणजीचं माहेरचं नाव मला माहीत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. मात्र ती नळीसुद्धा गावाचं नाव सांगणार नाही. भारतात निम्म्याहून जास्त लोक ज्या ‘एम’ नावाच्या मोठ्या मातृगटात मोडतात तो पन्नास हजार वर्षांहून जुना आहे. बहुधा तेच उत्तर येईल.

रोहन: आत्या, इतकं कोणी सांगितलं नव्हतं मला. तरी पुरुषांची रेघ तर मिळेल ना?

माईआत्या: बाळ, तू सांगणार की मी सांगू?

बाळकाका: मी सांगतो. लपवायचं असं कधीच नव्हतं, बोलायचं राहून गेलं.

तात्या या घरात जन्मलेले नव्हते. जिजी म्हणून होत्या, फडणिशीतल्या कारकुनाची बायको. नवरा गेला, मूल नव्हतं. त्यांनी माहेरून, वाईहून, आपल्या भावाचा सहा वर्षांचा मुलगा आणला आणि १८८७ मध्ये दत्तक घेतला. तेच तात्या. दत्तकपत्र मोडीत आहे, अप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, ट्रंकेत. होम झाला, गोत्र बदललं, आडनाव बदललं, वाडा मिळाला. गोत्र होमाने बदलतं, सुनील, तुझं ते वाय बदलत नाही. माझी लाळ तपासलीत तर रेघ जाईल जिजींच्या माहेरी. ज्यांचं आडनाव आपण लावतो त्यांच्याकडे जाणारच नाही.

सुनीलदादा: काका, मी पन्नास वर्षांचा झालो. आज कळतंय.

बाळकाका: अप्पा म्हणायचे, ज्या गावाचा राजा दत्तक तिथे यात सांगण्यासारखं काय. आणि खरंच होतं. मल्हाररावांना गादीवरून काढल्यावर १८७५ मध्ये जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेतला. मालेगावजवळचं खेडं. तो सयाजीराव झाला. १९०६ मध्ये सक्तीचं शिक्षण सगळ्या राज्यात त्यांनी आणलं, वाचनालयं त्यांनी काढली. बडोद्यात कोणी विचारलं का, की महाराजांच्या अंगात रक्त कोणाचं?

मेघावहिनी: काका, ईशा इथे माझ्या शेजारी बसून वाचतेय. ती लिहितेय.

ईशा: माईआजी, एक विचारू? मी लाळ दिली तर माझं तुमच्यापैकी कोणाशीच जुळणार नाही ना? मग रोहनकाका, सहावी नळी माझ्यावर वाया घालवू नका. दुसऱ्या कोणाला द्या.

रोहन: ईशा, माझ्या हे डोक्यातच आलं नाही. माझं चुकलं.

माईआत्या: ईशा बाळा, खरं तेच सांगते. नाही जुळणार. तू आठ महिन्यांची असताना सुनील-मेघा तुला घरी घेऊन आले, हे तुलाही माहीत आहे आणि आम्हालाही. पण बाळआजोबांनी आत्ता लिहिलं ते पुन्हा वाच. जिजींच्या नवऱ्याशी यातल्या कोणाचंच जुळणार नाही. सुनीलचं नाही, रोहनचं नाही, माझं नाही. त्यांचं आडनाव आम्ही सगळे लावतो ते तुझ्या खापरपणजोबांना होमापुढे मांडीवर घेतलं म्हणून. या घरात तू ज्या दारानं आलीस त्याच दारानं तेही आले.

आणि तुला पुढे कधी वाटलं की आपली जन्माची माणसं कोण ते शोधावं, तर तो तुझा हक्क आहे. त्याला आपल्याकडे रीतसर वाट आहे, ‘कारा’ या दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेमार्फत. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी आईबाबांबरोबर. तेव्हा मी जिवंत असले तर बरोबर येईन. पण ते तू ठरवशील तेव्हा. कोणी सुट्टीला येताना आणलेल्या किटमधून एखाद्या रात्री मोबाइलवर अनोळखी नाव उगवावं, असं तुझ्या बाबतीत व्हायला नको.

ईशा: बरं. थँक्यू आजी. मला अजून माहीत नाही शोधायचंय का.

माईआत्या: माहीत नसलं तरी चालतं.

विद्याताई (पुणे): हेच सगळ्यांनी लक्षात घ्या. एकाने लाळ दिली की ती त्याची एकट्याची माहिती राहत नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात चाळीस वर्षं न सापडलेला खुनी पकडला तो असाच. त्याने स्वतः काही दिलं नव्हतं, दूरच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या संकेतस्थळावर टाकलं होतं. तिथे चांगलं झालं. पण २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीतून ६९ लाख लोकांची माहिती फुटली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मग तिच्याकडचा लोकांचा डीएनए कोणाकडे जाणार, असा प्रश्न उभा राहिला. शेवटी संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने ती घेतली. पासवर्ड बदलता येतो, हे बदलता येत नाही. माझ्या दोन्ही मुलांच्या वतीने मी नाही म्हणते. मोठे झाल्यावर त्यांचं ते बघतील.

रोहन: मान्य. मी माझं करणारच आहे, पण नातेवाईक जुळवण्याचा पर्याय बंद ठेवीन. तो आपणहून चालू करावा लागतो असं इथे दिसतंय, नीट तपासून सांगतो. निकाल आला की नमुना नष्ट करायला सांगीन. बाकी कोणाला देऊ की नको?

बाळकाका: मला विचार करू दे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माझ्यामागे कोणाला त्रास होईल असं काही करायचं नाही. तू ये, बसून बोलू.

माईआत्या: मी देईन, मातृगटासाठी. उत्तर ‘एम’ आलं तरी चालेल. मला आईच्या रेघेचं काहीतरी लिहून ठेवायचंय.

आणि रोहन, १८ तारखेला येतोयस तर चार दिवस जास्त काढ. आपण सिद्धपूरला जाऊ. मातृगया म्हणतात ती तीच. बिंदू सरोवरावर आईचं श्राद्ध करतात, पूर्वी बडोदे राज्यातच होतं ते. अप्पांनी तिथे त्यांच्या आईचं केलं तेव्हा गोरमहाराजांनी चोपड्यात नावं लिहून घेतली होती, असं ते सांगायचे. आईचं श्राद्ध म्हणजे आईची, आजीची, पणजीची नावं घ्यावीच लागतात. चोपडा असेल तर माझ्या वडिलांकडच्या पणजीचं नाव तिथे असेल. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पुरुष सापडतील, ते नंतर बघू. आधी बायका.

सुनीलदादा: गाडी मी काढतो. मेहसाण्यावरून जायचं ना?

मेघावहिनी: मी पण येते. माझ्या आजीचंही नाव मला नीट माहीत नाही. आम्ही तिला माई म्हणायचो, बस.

विद्याताई (पुणे): आई, प्रत्येक घरातून आईकडच्या जितक्या बायकांची नावं आठवतात तितकी या ग्रुपवर टाकायला सांग ना. माहेरच्या नावासकट. मोठी माणसं आहेत तोवर.

माईआत्या: टाका. बाळ, तुझ्यापासून सुरुवात. तुला जास्त आठवतं.

बाळकाका: माझी आई: माहेरची सासवडची. माहेरचं नाव कृष्णा, इथे लक्ष्मी. तिची आई भागीरथी, हे सासरचं. माहेरचं ऐकलं नाही कधी. जिजींचं खरं नाव दत्तकपत्रात आहे, मला वाचता येत नाही. रावपुऱ्यातले एक गृहस्थ मोडी वाचतात, त्यांना बोलावू.

ईशा: बाळआजोबा, दत्तकपत्र मी बघू शकते का? त्यांनी वाचताना मला समोर बसायचंय.

बाळकाका: ये ने. रविवारी सकाळी ये, ट्रंक काढू. माळ्यावर आहे, सुनीललाही आण, मला उचलत नाही. अप्पांची वंशावळीची वहीही तीतच आहे. ते गेल्यापासून कोणी लिहिलं नाही तीत, तुम्हा सगळ्या मुलांच्या जागा रिकाम्या आहेत. काळं पेन आण, निळं नको, निळं उडतं.

ईशा: किती वाजता?

बाळकाका: नऊ. सेव उसळ आणून ठेवतो.