मे महिन्यात आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंड : रेल्वे पास, गाड्या बदलणं आणि आईचे गुडघे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंडला जायचं ठरवतोय. आई, बाबा, मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा असे पाच जण आहोत. टूर कंपनीबरोबर जायचं नाही एवढं नक्की. पहाटे उठून बॅगा खोलीबाहेर आणि रोज नवं हॉटेल, हे आईला झेपणार नाही. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर सावकाश दोनेक किलोमीटर चालते, पण जिना आला की कठडा धरून एकेक पायरी. चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो.

बाबांचं वेगळंच आहे. ते मध्य रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, नोकरीचा बराच काळ इगतपुरीला गेला. कसारा घाटातला १:३७ चा चढ (३७ मीटरमागे एक मीटर) आणि गाडीला मागून ढकलणारी ‘बँकर’ इंजिनं यांच्यात आयुष्य काढलेल्या माणसाला बर्फापेक्षा तिथल्या रेल्वेची ओढ जास्त आहे. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी जुनी ‘खेकडा’ इंजिनं पाहिली आहेत. जीआयपी रेल्वेने (म्हणजे मध्य रेल्वेच्या पूर्वीच्या कंपनीने) १९२८ च्या सुमारास आणलेल्या त्या इंजिनांपैकी पहिली काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरच्या कारखान्यात बनली होती. त्याच जातीचं गोट्टहार्ड घाटातलं ‘क्रोकोडाइल’ इंजिन लुझर्नच्या वाहतूक संग्रहालयात आहे असं कळल्यापासून त्यांनी नकाशा उघडूनच ठेवलाय. त्यांची हौस पुरी व्हायला हवी आणि आईला कुठे ‘तुम्ही जाऊन या, मी बसते इथेच’ म्हणायची वेळ येऊ नये, एवढंच साधायचं आहे.

व्हिसाची माहिती मिळाली आहे. पुण्याला अर्ज देणार, शुल्क मोठ्यांना ९० युरो, मुलाला ४५. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. त्यामुळे इथे फक्त फिरण्याबद्दल विचारते.

कच्चा आराखडा असा : मुंबईहून थेट झुरिक. स्टेशन विमानतळाच्या खालीच आहे आणि लुझर्नला थेट गाडी साधारण तासाभरात पोचते. निम्मे दिवस लुझर्नला, उरलेले इंटरलाकेनच्या आसपास. लुझर्न ते इंटरलाकेन ब्रुनिग घाटातून थेट गाडी आहे, दोन तासांच्या आत.

पहिला गोंधळ पासचा. ‘स्विस ट्रॅव्हल पास’ घेतला तर गाड्या, बस, बोटी सगळं त्यात येतं, रिगी डोंगरही येतो, पण युंगफ्राउयोखवर (बर्फातलं उंचावरचं रेल्वे स्टेशन) फक्त २५ टक्के सवलत मिळते. ‘हाफ फेअर कार्ड’ एक महिना चालतं आणि सगळीकडे, युंगफ्राउयोखलासुद्धा, साधारण निम्मं तिकीट. पण मग प्रत्येक प्रवासाचं तिकीट काढत बसायचं. आकडेमोड करून पाहिली तर दोन्ही जवळजवळ सारखंच पडतंय. ज्येष्ठ नागरिकांना या पासात सवलत दिसली नाही. खरंच नसते का?

दुसरी काळजी गाड्या बदलण्याची. वेळापत्रकात बघावं तर गाडी बदलायला पाच-सात मिनिटं. आईला घेऊन एका फलाटावरून दुसऱ्यावर एवढ्यात जाणं होणार नाही. सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट असते का? सामानाचं काय करता?

तिसरा प्रश्न : लुझर्नजवळच्या दोन डोंगरांपैकी पिलाटस की रिगी? बाबांना पिलाटसच हवं. १८८९ सालची दात्यांची रेल्वे (रुळांमधल्या दातेरी पट्टीत दातेरी चाक अडकवून चढणारी), ४८ टक्के चढ, त्यांच्या दृष्टीने हे तीर्थक्षेत्र आहे. आईला तिथे नेता येईल का?

आणि युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे. वयस्कर माणसांना कोणी नेलं असेल तर अनुभव सांगा.

प्रतिसाद

आम्ही बर्नजवळ राहतो, दोन्हीकडचे आईवडील येऊन गेलेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पास : ज्येष्ठांना सवलत नाही, २५ वर्षांखालच्यांना आहे. आकडे सारखे येत असतील तर डोळे मिटून ट्रॅव्हल पास घ्या. पैशांपेक्षा त्यातली मोकळीक महत्त्वाची. आई दमल्या तर पुढच्याच स्टेशनवर उतरा, चहा प्या, मागून येणाऱ्या गाडीने जा. तिकीट एका गाडीला बांधलेलं नसतं. बहुतेक मार्गांवर अर्ध्या किंवा एका तासाने पुढची गाडी असतेच. म्हणून पाच मिनिटांचा बदल दिसला की ती जोडणी सरळ सोडून द्या आणि नंतरची धरा. एसबीबीच्या (स्विस सरकारी रेल्वेच्या) अ‍ॅपमध्ये अपंगांना सोयीच्या जोडण्या वेगळ्या शोधता येतात, तेच पर्याय आईंसाठी वापरा. मोठ्या स्टेशनांवर लिफ्ट किंवा उतार असतो. मुलासाठी ‘फॅमिली कार्ड’ पास घेतानाच मागून घ्या, ते फुकट असतं, आईवडिलांबरोबर १६ वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही.

इंटरलाकेन ओस्ट (पूर्व) स्टेशनवर एक गोष्ट लक्षात ठेवा. डोंगराकडे जाणारी गाडी एकच असते, पण त्सवाइल्युट्शिनेन स्टेशनवर तिचे दोन भाग होतात, एक लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. फलाटावर अ, ब, क असे विभाग रोमन अक्षरांत लिहिलेले असतात आणि कुठला भाग कुठे उभा राहणार ते पाटीवर दिसतं. डब्यावरचं नावही वाचा. चुकून दुसऱ्या भागात बसलात तर त्सवाइल्युट्शिनेनला घाईघाईने उतरून डबा बदलावा लागेल आणि आईंना नेमकं तेच नको आहे. गाडी यायच्या आधीच योग्य विभागात जाऊन उभे राहा.

पिलाटस : त्या रेल्वेचा चढ एवढा तीव्र आहे की फलाटच पायऱ्यापायऱ्यांचा आहे. तुमच्या वर्णनावरून आईंना तो जड जाईल. बाबा आणि नातवाने आल्पनाखश्टाडहून त्या गाडीने वर जावं, आईंना क्रीन्सच्या बाजूने केबलकारने न्यावं आणि शिखरावर भेटावं. क्रीन्सला बसथांब्यापासून केबलकारपर्यंत थोडी चढण आहे, तेवढ्यापुरती टॅक्सी करा. ही रेल्वे हिवाळ्यात बंद असते आणि वसंतात बर्फ बघून सुरू होते, तेव्हा मेच्या सुरुवातीला जाणार असाल तर तारीख तपासा.

रिगी मात्र सगळ्यांनी एकत्र करा. लुझर्नहून बोटीने तासाभरात फिट्झनाउ, धक्क्यासमोरच रेल्वे उभी असते. १८७१ ची, युरोपातली पहिली दात्यांची डोंगरी रेल्वे, बाबांना हेही कमी नाही! गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. परतताना वेगिसच्या केबलकारने उतरू नका, खाली स्थानकापासून धक्क्यापर्यंत उताराचा रस्ता आहे, गुडघ्यांना वाईट.

सामान : स्टेशनवर बॅगा देऊन पुढच्या मुक्कामाच्या स्टेशनवर घेता येतात, पण त्याच दिवशी मिळत नाहीत. लागणारे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. लुझर्न-इंटरलाकेन थेट गाडी असल्याने तुम्हाला बहुधा गरज पडणार नाही.

आणि रविवारी दुकानं बंद. मोठ्या स्टेशनांतली चालू असतात, दूध-ब्रेड तिथूनच घ्या.

प्रतिसाद

युंगफ्राउयोखबद्दल. आयगर एक्सप्रेस केबलकारमुळे ग्रिंडेलवाल्डहून पाऊण तासात वर पोचता येतं. सोय मोठी, पण शरीराला उंची अंगवळणी पडायला वेळच मिळत नाही. माझ्या सासऱ्यांना वर पोचल्यावर अर्धा तास गरगरलं, बसून पाणी प्यायल्यावर ठीक झाले. डॉक्टरांना आधी विचाराच. वर धावपळ करू नका. जमत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. लाउटरब्रुनेनच्या दरीत मे महिन्यात बर्फ वितळून धबधबे भरभरून वाहतात, जवळजवळ ३०० मीटरचा श्टाउबबाख तर गावातूनच दिसतो. तिथून वेंगेनला दात्यांच्या गाडीने जा, त्या गावात मोटारीने जायला रस्ताच नाही.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. फलाट पायऱ्यांचा आहे हे मी वाचलेल्या कुठल्याच माहितीत नव्हतं. पिलाटसवर दोन वाटांनी जाऊन वर भेटायचं, हे घरात एकमताने मंजूर झालं आहे. आईने तर लगेच बाबांना सांगितलं की मी आधी पोचेन.

पास ट्रॅव्हल पासच घेतोय. युंगफ्राउयोखचं तिकीट आत्ता काढणार नाही, आईच्या डॉक्टरांचं मत आणि त्या दिवशीचं हवामान बघून ठरवू.

आता बाबांची आणखी एक मागणी आली आहे : पूर्व स्वित्झर्लंडमधली बर्निना घाटाची रेल्वे. दात्यांशिवाय ७ टक्के चढ चढणारी गाडी, म्हणजे घाटाच्या हिशेबात साधारण १:१४. ते म्हणतात हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझा विश्वास बसणार नाही. लुझर्नहून एका दिवसात जाऊन येणं आईला फार होईल, म्हणून एक रात्र खूरला राहायचा विचार आहे. बर्निना एक्सप्रेसला आरक्षण लागतं, पण त्याच मार्गावरच्या साध्या गाड्यांना लागत नाही असं दिसतंय. साध्या गाडीने खूरहून तिरानोपर्यंत (या मार्गाचं इटलीतलं शेवटचं स्टेशन) कोणी गेलंय का? मध्ये कुठे गाडी बदलावी लागली, आणि तिथे फलाट बदलावा लागला का, की समोरासमोरच होतं? डब्यात चढायला किती पायऱ्या होत्या? बाबांसाठी खिडकी कुठल्या बाजूची धरावी, तेही सांगा.