शहराच्या फायबरसाठी लोकांची गरज कशी मोजायची? मदत हवी आहे, जरा अर्जंट

रानजाई:
नमस्कार मंडळी. शहरात फायबरचं जाळं टाकायचं चाललंय आणि लोकांना कसलं नि किती इंटरनेट लागतं ते काढून द्यायचं काम आमच्या नागरिक समितीकडे आलंय. फॉर्म फिरवला, भरपूर उत्तरं आली, पण सगळ्यांना जास्त स्पीड हवाय एवढंच त्यातून कळतंय. एका घरामागे किती एमबीपीएस (सेकंदाला किती मेगाबिट, म्हणजे स्पीड) धरायचे? कुणाकडे तयार फॉर्म्युला असेल तर प्लीज द्या, दोनच आठवडे उरलेत.

तारकुंपण:
फॉर्म ऑनलाइन होता का? आणि शहर स्वतः कनेक्शन देणार की नुसती फायबर टाकून कंपन्यांना भाड्याने देणार?

रानजाई:
ऑनलाइनच, ग्रुपवर लिंक टाकली होती. देणार की भाड्याने ते अजून ठरलेलं नाही. त्याचा गरजेशी काय संबंध?

नेटका:
सरळ घराला 1 गिगाबिट (1000 एमबीपीएस) धरा आणि मोकळे व्हा. पुढची वीस वर्षं बघायला नको.

तारकुंपण:
@रानजाई, संबंध आहे. स्टॉकहोममध्ये शहराच्या मालकीची स्टोकॅब 1994 पासून डार्क फायबर (नुसती केबल, मशीनं भाडेकरूची) भाड्याने देते, ग्राहकाला इंटरनेट दुसरे विकतात. अमेरिकेतल्या चॅटनूगामध्ये शहराची वीज कंपनी 2010 पासून स्वतःच गिगाबिट विकते. भाड्याने द्यायची असेल तर कुठल्या गल्लीत किती फायबर पोचवायच्या ते मोजायचं, स्वतः विकायचं असेल तर किती घरं खरंच कनेक्शन घेतील ते. दारावरून केबल गेली म्हणजे घर जोडलं गेलं असं होत नाही.

फांदी:
@नेटका, असं कसं मोकळे व्हा? साध्या जीपॉनमध्ये (एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) खाली यायला साधारण 2.5 गिगाबिट आणि वर जायला 1.25, तेही बहुतेक 32 घरांत वाटून. सगळ्यांनी एकदम ओढलं तर घराला 78 एमबीपीएसच्या आसपास.

नेटका:
पण सगळे एकदम ओढतच नाहीत ना! म्हणून तर 1 गिगाबिटचा प्लॅन विकता येतो. आणि उद्या कमी पडलं तर दोन्ही टोकांची मशीनं बदलून एक्सजीएस-पॉन (जीपॉनची पुढची आवृत्ती) करा, 10 गिगाबिट दोन्हीकडून, जमिनीतली फायबर तीच राहते. मुख्य खर्च खोदाईचा आहे, डक्ट (केबलसाठी जमिनीतला पाइप) एकदाच मोठा टाका.

फांदी:
डक्टचं मान्य. पण मग घरांचे प्लॅन बेरीज करून उपयोग नाही, रात्री गर्दीच्या वेळी एका भागातून एकूण किती ट्रॅफिक जातो ते बघायला हवं. आणि अपलोड कुणी विचारतच नाही! तपासणी केंद्राला 500 एमबीची (म्हणजे 4000 मेगाबिटची) स्कॅन फाइल पाठवायची असेल तर 5 एमबीपीएस अपलोडवर तेरा मिनिटं लागतात, 100 वर 40 सेकंद. बाहेर पेशंट बसलेला असतो. घरांसोबत दवाखाने, शाळा, लहान कारखाने वेगळे मोजा.

भिंगरी:
स्पीड कमी येत असेल तर राउटरचं चॅनल बदलून बघा, 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये 1, 6 किंवा 11 ठेवा. माझ्याकडे लगेच फरक पडला.

तारकुंपण:
भिंगरी, तो प्रश्न नाहीये इथे. पण एक खरं, लोक वायफायवर मागच्या खोलीतून स्पीड टेस्ट करतात आणि लाइनला शिव्या घालतात. टेस्ट मागवणार असाल तर वायरने की वायफायने आणि किती वाजता, हे लिहून घ्या.

सावली:
रानजाई, तुमचा खरा घोळ वेगळा आहे. लिंक ज्यांच्याकडे पोचली त्यांच्याकडे नेट आहेच, ते 'आणखी द्या' म्हणणार. ज्यांच्याकडे नाहीच ते तुमच्या फॉर्ममध्ये आहेत कुठे? मी असं काम केलंय, कागद घेऊन दारोदार फिरले. एका इमारतीत एक मुलगी जिन्याच्या वळणावर पायरीवर वही ठेवून बसलेली, कारण मोबाइलला रेंज तिथेच यायची, आणि तो फोन घरातल्या तिघांत एक. आमच्या फॉर्मवर तेव्हा 'तुमचा सध्याचा प्लॅन किती एमबीपीएस' असा रकाना होता. तिथे काय लिहिणार मी?

नेटका:
अशा ठिकाणी फाइव्ह-जी देऊन भागेल की, फायबर कशाला?

फांदी:
फाइव्ह-जीच्या टॉवरलापण मागे फायबर लागते बऱ्याच ठिकाणी.

रानजाई:
सावली, खरंय, आत्ता उत्तरं परत चाळली, तीन वॉर्डांतून जवळपास काहीच आलेलं नाही आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रविवारी सहा जण कागद घेऊन निघतोय. विचारायचं काय पण? फॉर्म एका पानाचा हवा.

सावली:
घरात किती माणसं, फोन-लॅपटॉप किती, एका वेळी किती जण वापरतात, कशासाठी. कनेक्शन नसेल तर का नाही: केबल येत नाही, परवडत नाही, की वापरता येत नाही? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत, फायबर टाकून पहिलंच सुटतं. महिन्याला किती देऊ शकाल ते शेवटी विचारा, आधी विचारलं की लोक दार लावतात.

तारकुंपण:
आणि फक्त दुपारी जाऊ नका, संध्याकाळी परत एक फेरी मारा. कामावर जाणारे दिवसा भेटतच नाहीत.