आफ्रिकेच्या पहिल्या लांब प्रवासासाठी गाडी: रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० की हिरोची एक्सपल्स २००? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी नेरूळला राहते, बेलापूरच्या एका शिपिंग कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते. न्हावाशेवाहून केनियातल्या मोंबासाला जाणाऱ्या कंटेनरांचे कागद नऊ वर्षं माझ्या हाताखालून जाताहेत. त्यातल्या एका कंटेनरमध्ये माझी मोटरसायकल असावी, ही इच्छा आता पुरी करायची ठरवली आहे. साडेतीन महिन्यांची बिनपगारी रजा मिळाली आहे. मे महिन्यात गाडी क्रेटमध्ये बांधून पाठवायची आणि जूनच्या मध्याला मोंबासाला ताब्यात घ्यायची. तिथून टांझानियात अरुषा, इरिंगा, म्बेया. टुंडुमाला सीमा ओलांडून झांबिया. काझुंगुलाच्या नव्या पुलावरून बोत्स्वाना, मग नामिबिया आणि शेवटी केपटाऊन. तिथे जून ते ऑगस्ट पावसाळा असतो, म्हणून सप्टेंबरअखेर पोचायचा विचार आहे. आडवाटा धरून सात-आठ हजार किलोमीटर होतील. या सगळ्या देशांत आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालते, याचा मोठा आधार वाटतो.

कागदपत्रांचं माझं मी बघेन. कार्नेटसाठी (गाडी तात्पुरती, आयातशुल्क न भरता परदेशात नेण्याचा कागद) चर्चगेटला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनमध्ये जाऊन आले आहे, यलो फीव्हरची लस घेऊन झाली आहे. अडलंय ते गाडीवर.

माझी उंची पाच फूट तीन इंच. चौदा वर्षं गाडी चालवते आहे, पण देशाबाहेर कधीच नाही. २०२३ मध्ये मनालीहून भाड्याची हिमालयन ४११ (४५० च्या आधीचं मॉडेल) घेऊन स्पितीला गेले होते. येताना बातल आणि ग्रांफूच्या मध्ये एका नाल्यात गाडी आडवी झाली. लागलं काही नाही, पण सामानासकट ती गाडी मला एकटीला उभी करता येईना. पाऊण तास थंड पाण्यात उभी होते. शेवटी एक ट्रकवाले भाऊ थांबले आणि त्यांनी हात दिला. तेव्हापासून गाडी बघताना माझा पहिला प्रश्न हाच असतो, की ही पडली तर मी एकटी उचलू शकेन का?

म्हणून दोन्ही गाड्या उचलून बघितल्या. ठाण्यातल्या मैत्रिणीच्या भावाकडे एक्सपल्स २०० ४व्ही आहे. त्याने विश्वासाने ती माझ्याकडे दिली. मुरबाडवरून नाणेघाटापर्यंत गेले आणि परतताना एका शेताच्या बांधाजवळ मुद्दाम आडवी ठेवली. मागच्या बॅगांत वीस किलो सामान होतं. पाठ गाडीला टेकवून, हँडल पूर्ण वळवून दुसऱ्या प्रयत्नात उचलली. खारघरच्या एका ओळखीच्या काकांची हिमालयन ४५० मात्र रिकामी असूनही माझ्याच्याने अर्धीच उठली. १५९ किलो आणि १९६ किलो, हा फरक कागदावर वाचताना एवढा वाटत नाही.

तरीही हिमालयन मनातून जात नाही. चाळीस हॉर्सपॉवर, सतरा लिटरची टाकी, आता ट्यूबलेस स्पोक चाकंसुद्धा मिळतात. पाम बीच रोडवर चालवली तेव्हा शंभरच्या वेगाला ती शांत होती, एक्सपल्स त्याच्या बरीच आधी धापा टाकायला लागते. नामिबियातले लांबच लांब खडीचे रस्ते, आडवा वारा आणि दिवसाला चारशे किलोमीटर, अशा वेळी एकोणीस हॉर्सपॉवर पुरेल का? टांझानियात गावागावांत ताशी पन्नासची मर्यादा आणि पोलिसांच्या स्पीडगन, तिथे मोठ्या इंजिनाचा काही उपयोग नाही. पण मोकळ्या रस्त्यावर मागून अवजड ट्रक आला, तर बाजूला होण्याइतका जोर हवाच.

दुरुस्तीचं पारडं मला एक्सपल्सकडे झुकलेलं वाटतं. पूर्व आफ्रिकेत बोडाबोडा म्हणून मोटरसायकलच्या टॅक्सी चालतात, त्यात आपल्या बजाजच्या बॉक्सर खूप आहेत. म्हणजे साध्या, लहान इंजिनावर हात बसलेला मेकॅनिक गावोगावी भेटेल. हिमालयन ४५० ला रेडिएटर आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे. झांबियातल्या म्पिकासारख्या ठिकाणी त्यात बिघाड झाला तर मी काय करणार? शिवाय कार्नेटची हमी गाडीच्या किमतीवर ठरते, त्यामुळे निम्म्या किमतीच्या गाडीत माझे पैसेही कमी अडकतील. राहिलेले हाती असले तर कुठे अडल्यावर गाडी ट्रकमध्ये टाकून पुढच्या शहरापर्यंत नेता येईल.

एक्सपल्सच्या ट्यूबची थोडी काळजी आहे. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८. बॉक्सरच्या दुकानात या मापाच्या ट्यूब मिळतील असं धरून चालता येणार नाही. चाक खोलून ट्यूब बदलायचा सराव सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरू केला आहे. मागच्या चाकाला अजून चाळीस मिनिटं लागतात.

ज्यांनी आफ्रिकेत किंवा तशाच निर्जन प्रदेशात गाडी चालवली आहे, त्यांनी कृपया सांगावं:

एक्सपल्सवर रोज सहा-सात तास, सलग तीन महिने बसवतं का? सीट कोणी बदलून घेतली आहे का, आणि नवी मुंबईत किंवा ठाण्यात ते काम नीट कोण करतं? तेरा लिटरची टाकी बोत्स्वाना आणि नामिबियात पुरते, की जादा कॅन लागतोच? आणि साधारण माझ्या उंचीच्या कोणी भरल्या सामानाची ४५० एकटीने उचलली असेल, तर कशी ते मला अगदी बारकाईने वाचायचं आहे. सेकंडहँड ४११ सुचवणार असाल तर तेही कारणासकट लिहा. तिच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, फक्त तो नाला आठवतो.

दसऱ्याला गाडी घेईन म्हणते, म्हणजे पाठवण्याआधी सह्याद्रीत पाचेक हजार किलोमीटर तिच्यावर होतील आणि जे काही ढिलं व्हायचं ते इथेच होईल. त्याआधी तुमचे अनुभव मिळाले तर फार मदत होईल.